ब्रुकलिनच्या पुलावरील रंगारी : दफ्तरातील एक छायाचित्र आणि त्याचे जोडकोडे

जुन्या शहरांची छायाचित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवावयाची, त्या पुठ्ठ्याचे पाचशे किंवा हजार वेडेवाकडे तुकडे पाडावयाचे आणि ते खोक्यात भरून विकावयाचे, हा व्यवसाय युरोप-अमेरिकेत चांगलाच रूढ आहे. इंग्रजीत या खेळाला जिगसॉ म्हणतात. मराठीत सर्वमान्य असा शब्द नसल्यामुळे येथे त्यास जोडकोडे म्हटले आहे. जोडकोड्यांसाठी निवडल्या जाणाऱ्या चित्रांत पुलांचा भरणा मोठा असतो, आणि पुलांत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मान वरचा. त्या पुलाच्या ज्या जुन्या छायाचित्रांची अशी कोडी झाली आहेत, त्यांपैकी एकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे छायाचित्र ७ ऑक्टोबर १९१४ रोजी घेतलेले आहे. पुलाच्या तारांच्या जाळ्यात, निरनिराळ्या उंचीवर, काही माणसे चढलेली आहेत. कोणी उभा आहे, कोणी तारेला रेलून विसावला आहे. ती माणसे पुलाला रंग देणारे रंगारी होत. चित्राचा बहुतेक भाग तारांनीच व्यापलेला आहे. मागावर चढविलेल्या ताण्यात पाखरे येऊन बसावीत तशी ही माणसे त्यात दिसतात.

या छायाचित्राची कीर्ती त्याच्या सौंदर्यामुळे झाली, आणि ती अस्थानी नाही. परंतु मुळात ते सौंदर्यासाठी काढलेले चित्र नव्हे. तो एका सरकारी खात्याचा कागद आहे. एखाद्या जमाखर्चाच्या फर्दाला किंवा इमारतीच्या पाहणीच्या टिपणाला दफ्तरात जे स्थान असते, तेच या काचेच्या पट्टीला होते. दफ्तरातील असा कागद खेळणे होतो तेव्हा त्यातले काय गळते आणि, चमत्कारिक वाटले तरी, काय नव्याने दिसू लागते, हा येथील प्रश्न आहे.

जोडकोड्याचा उगमही शुद्ध करमणुकीत नाही, ही गोष्ट आरंभीच नमूद केली पाहिजे. जॉन स्पिल्सबरी (१७३९–१७६९) नावाचा लंडनमधील एक नकाशे कोरणारा व विकणारा कारागीर होता. त्याने १७६० नंतरच्या दशकात महोगनीच्या पातळ फळीवर नकाशे चिकटवून ते राज्यांच्या सीमारेषांवरून करवतीने कापून विकावयास आरंभ केला. मुलांना भूगोल शिकविणे हा त्यामागील हेतू. त्याच सुमारास तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांचे शिक्षण पाहणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्या संग्रहीही असे कापलेले नकाशे होते. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडच्या राजांच्या मालिकेची कोडी निघाली, म्हणजे इतिहासही या फळीवर चढला. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरीत श्रीमंत घरातील मुली आपल्या गरीब नात्यातल्या मुलीला हसतात, ते तिला युरोपचा नकाशा जोडता येत नाही म्हणून. यावरून हा खेळ त्या काळी सुस्थित घरांतील शिक्षणाची खूण मानला जात होता, हे स्पष्ट होते.

स्पिल्सबरीच्या नकाशात करवतीची रेघ आणि राज्याची सीमा एकच होती. तुकडा हातात घेतला की तो स्पेन आहे किंवा स्वीडन आहे असे म्हणता येई. तुकड्याला स्वतःचा अर्थ होता. पुढे चित्रांची कोडी होऊ लागली तशी ही रेघ अर्थापासून सुटली. विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९०८–०९ च्या सुमारास, अमेरिकेत प्रौढ माणसांत लाकडी कोड्यांची मोठी लाट आली. तिच्यानंतरची दुसरी लाट १९३२–३३ मधील. मंदीच्या त्या दिवसांत लाकूड व करवत जाऊन पुठ्ठा व पोलादी पात्यांचा साचा आला. दर आठवड्याला नवे कोडे पंचवीस सेंटांना वर्तमानपत्राच्या ठेल्यावर मिळू लागले, आणि भर लाटेत आठवड्याला एक कोटीपर्यंत कोडी खपल्याचे सांगितले जाते. काम गेलेल्या माणसापाशी वेळ भरपूर आणि पैसा थोडा, या स्थितीला हा खेळ चांगलाच मानवला. या दोन लाटांच्या मधल्या काळातच प्रस्तुत छायाचित्र काढले गेले; पण त्याचा आणि कोड्यांचा तेव्हा काहीही संबंध नव्हता. तो संबंध फार पुढे आला.

छायाचित्र काढणाऱ्याचे नाव यूजीन द सालिन्याक. जन्म बॉस्टन येथे १८६१ मध्ये. घराणे फ्रान्समधून परागंदा झालेल्या सरदारांचे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९०३ मध्ये, मेहुण्याच्या खटपटीने त्याला न्यूयॉर्क महापालिकेच्या पूल-खात्यात छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून नोकरी मिळाली. १९०६ मध्ये मुख्य छायाचित्रकार अकस्मात वारला आणि ते काम सालिन्याककडे आले. तेव्हापासून १९३४ पर्यंत तो त्या खात्याचा एकमेव छायाचित्रकार होता. १९४३ मध्ये तो मरण पावला. आठ इंच बाय दहा इंच मापाच्या काचेच्या पट्ट्यांवर त्याने वीस हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. क्वीन्सबरो आणि मॅनहॅटन हे दोन्ही पूल १९०९ मध्ये वाहतुकीस खुले झाले. त्यांची उभारणी त्याच्याच कॅमेऱ्याने टिपली. त्यांखेरीज रस्ते, नौकांचे धक्के, महापालिकेची कचेरी, खचलेली फरशी, वाकलेला खांब, अपघातानंतरची स्थिती, असे विषय. हे सारे नोकरीचा भाग म्हणून. खात्याला पुरावा हवा असे: काम किती झाले, कंत्राटदाराने काय केले, मोडतोड कोठे आहे. त्या पुराव्यावर छायाचित्रकाराचे नाव असण्याचे कारण नव्हते आणि ते सामान्यतः नसेच.

पूल-खाते म्हणून वेगळे खाते असण्यालाही इतिहास आहे. ब्रुकलिन पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला तेव्हा ब्रुकलिन आणि न्यूयॉर्क ही दोन स्वतंत्र शहरे होती. १ जानेवारी १८९८ रोजी ती एका महापालिकेखाली आली, आणि त्याच वर्षी पुलांची व्यवस्था पाहणारे खाते निर्माण झाले. पुलावर आरंभी पादचाऱ्यापासून गाडीपर्यंत सर्वांना जकात होती. पादचाऱ्यांची जकात १८९१ मध्ये उठली, वाहनांची १९११ मध्ये. म्हणजे १९१४ मध्ये रंगारी तारांवर चढले तेव्हा पूल पांथस्थाकडून काही कमवीत नव्हता, आणि त्याच्या देखभालीचा भार शहराच्या तिजोरीवर होता. अशा खात्याला आपण काम करीत आहोत हे दाखविण्याची गरज भासावी, हे स्वाभाविक होय.

आता ज्या तारांवर ही माणसे चढली आहेत त्या तारांकडे वळले पाहिजे, कारण या चित्राचा खरा विषय त्याच आहेत. पुलाची कल्पना जॉन ऑगस्टस रोब्लिंग या जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याची. पुलाच्या जागेची मोजणी चालू असता जून १८६९ मध्ये एका नावेच्या धक्क्यावर त्याचा पाय चिरडला आणि जुलैत धनुर्वाताने त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा वॉशिंग्टन याने काम पुढे नेले. नदीच्या तळाखाली दाबलेल्या हवेच्या पेट्यांत उतरून त्याने पाया घातला, त्यात स्वतःची प्रकृती कायमची घालविली, आणि त्याची पत्नी एमिली हिने पुढील अनेक वर्षे त्याचे निरोप, हिशेब व आदेश कामावर पोहोचविले. ही कथा बहुश्रुत असल्याने तिचा विस्तार करण्याचे कारण नाही.

पुलाचा मधला गाळा १,५९५ फुटांचा. उद्घाटनाच्या वेळी जगातील झुलत्या पुलांत तो सर्वांत लांब होता. दोन दगडी मनोऱ्यांवरून चार मुख्य दोर जातात. प्रत्येक दोराचा व्यास पावणेसोळा इंच. हा दोर पिळलेला नाही. पोलादाच्या सुट्या तारा एकमेकींना समांतर ठेवून, त्यांचे एकोणीस पेड करून, ते एकत्र आवळून तो बनविलेला आहे. झुलत्या पुलाच्या दोरासाठी लोखंडाऐवजी पोलादी तार वापरण्याचे धाडस येथे प्रथम झाले, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे गंज लागू नये म्हणून त्या तारेवर जस्ताचा मुलामा होता. मुख्य दोरांपासून उभ्या टांगत्या दोऱ्या खाली येऊन रस्ता उचलून धरतात. त्यांखेरीज मनोऱ्याच्या माथ्यापासून रस्त्यापर्यंत तिरके ताण-दोर पंख्यासारखे पसरलेले आहेत. हे तिरके दोर म्हणजे थोरल्या रोब्लिंगची खास पद्धत. वाऱ्याने रस्ता हेलकावू नये, आणि मुख्य दोर निकामी झाले तरी पूल खचेल पण पडू नये, असा त्याचा हिशेब होता. उभ्या दोऱ्या आणि तिरके दोर एकमेकांना छेदतात म्हणून ब्रुकलिन पुलाला ते जाळे लाभले आहे, जे इतर बहुतेक झुलत्या पुलांना नाही. चित्रकारांना व छायाचित्रकारांना मोहविणारी रचना अशा रीतीने सावधगिरीतून जन्मली आहे.

या तारांच्या पुरवठ्याची हकीकत कोणत्याही जोडकोड्याच्या खोक्यावर छापलेली नसते. वस्तुतः तीच या पुलाची सर्वांत बोधक हकीकत आहे. तारांचे कंत्राट ब्रुकलिनमधील जे. लॉइड हेग या कारखानदाराला मिळाले. तारेची प्रत्येक गुंडाळी कारखान्यातच तपासली जावी, उत्तीर्ण झालेल्या गुंडाळ्यांना निरीक्षकाने प्रमाणपत्र द्यावे, आणि मगच त्या पुलाकडे जाव्यात, असा नियम होता. नियम पाळला जात होता आणि कागद बिनचूक होते. तरीही १८७८ च्या उन्हाळ्यात असे उघडकीस आले की, उत्तीर्ण झालेला माल घेऊन निघालेली गाडी वाटेत एका दुसऱ्या इमारतीशी थांबे. तेथे चांगल्या गुंडाळ्या उतरवून तपासणीत नापास झालेल्या गुंडाळ्या भरल्या जात, आणि त्या चांगल्या गुंडाळ्या गुपचूप कारखान्यात परत नेऊन पुन्हा तपासणीसाठी ठेवल्या जात. तोच उत्तम माल वारंवार उत्तीर्ण होई आणि नापास माल पुलावर चढे. सुमारे २२१ टन निकृष्ट तार अशा रीतीने दोरांत गेली होती.

ती काढून घेणे शक्य नव्हते. समांतर ठेवलेल्या तारांतून नेमकी खोटी तार वेचून काढावयाची म्हणजे सारा दोरच उसवावयाचा. धाकट्या रोब्लिंगने गरजेच्या सहापट बळ धरून दोर आखले होते. खोटी तार जमेस धरूनही निदान पाचपट बळ उरते, असे त्याने दाखवून दिले, आणि प्रत्येक दोरात सुमारे दीडशे जादा तारा हेगच्या खर्चाने घालण्याचे ठरले. एका दोरातील तारांची संख्या म्हणून ग्रंथांतून दोन आकडे आढळतात. एक ५,२८२, म्हणजे एकोणीस पेडांत प्रत्येकी २७८ तारा. दुसरा ५,४३४, म्हणजे प्रत्येकी २८६. या दोहोंतील फरक १५२ चा आहे. जादा घातलेल्या तारांच्या आकड्याशी तो इतका जुळतो की, केवळ योगायोग म्हणून त्याची बोळवण करणे जड जाते. पहिला आकडा ठरावाचा आणि दुसरा प्रत्यक्षाचा, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक होय. हेग हा पुढे बनावट हुंड्यांच्या प्रकरणी सिंग सिंगच्या तुरुंगात गेला. त्याची तार मात्र आजही दोरांत आहे, कारण मुख्य दोर बदललेले नाहीत.

मराठी इतिहाससंशोधनात अस्सल कागदाला जो मान आहे तो योग्यच आहे. तथापि हेगच्या प्रकरणात कागद अस्सल होता, त्यावरील सही अस्सल होती, तपासणीही खरीच झाली होती. खोटा होता तो कागद आणि वस्तू यांचा सांधा. प्रमाणपत्र एका तारेचे आणि गाडीत तार दुसरी. जोडकोड्यांच्या धंद्यातही याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट घडते. पोलादी पात्यांचा साचा खर्चाचा असल्याने एकाच साच्याने अनेक चित्रे कापली जातात. परिणामी एका कोड्यातील तुकडा दुसऱ्या कोड्यातील त्याच जागी तंतोतंत बसतो. ब्रुकलिनच्या मनोऱ्यात एखाद्या डोंगरी किल्ल्याचा बुरूज सहज घालता येतो, आणि बोटाला त्यातील खोट कळत नाही. ती कळते फक्त डोळ्याला. तुकडा बसला म्हणजे तो त्याच चित्रातला ठरतो असे नव्हे, हे संशोधकाला एरवी पुष्कळ ठेचा खाल्ल्यावर समजते.

रंगाऱ्यांचे काम या तारांच्या संदर्भात पाहिले म्हणजे त्याचे वजन लक्षात येते. जस्ताचा मुलामा कायम टिकत नाही. गंजाला अडविण्याचा त्यानंतरचा उपाय म्हणजे रंगाचा थर, आणि तो थर माणसाने हाताने, उंचावर जाऊन, पुनःपुन्हा द्यावयाचा असतो. त्यात हयगय झाली तर काय होते हे शहराने पाहिले होते. २४ जुलै १९०१ रोजी पुलाच्या काही टांगत्या दोऱ्या तुटल्याचे आढळून आले. पूल पडला नाही. शेजारच्या दोऱ्यांनी भार पेलला. परंतु अठरा वर्षांपूर्वी जगातील आश्चर्य म्हणून गाजलेल्या वास्तूची निगा कशी राखली जाते, याची जाहीर चर्चा झाली. पुढील काळाची साक्षही याहून निराळी नाही. जून १९८१ मध्ये दोन तिरके ताण-दोर गंजामुळे तुटले आणि त्यांच्या तडाख्याने जखमी झालेला एक पादचारी पुढे मरण पावला. त्यानंतरच्या दशकात टांगत्या दोऱ्या व तिरके दोर बदलण्यात आले. तेव्हा १९१४ च्या छायाचित्रात रंगाऱ्यांच्या अंगाखाली ज्या बारीक तारा दिसतात, त्या आता पुलावर नाहीत. त्यांचे अस्तित्व काचेच्या पट्टीवर उरले आहे.

या छायाचित्राविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते सहज टिपलेले नाही. माणसांची ऐसपैस बैठक, चेहऱ्यावरील निर्भय सैलपणा, आणि मुख्य म्हणजे रंगाची भांडी व कुंचले यांचा अभाव, यांवरून ते आधी ठरवून, माणसांना जागा नेमून देऊन काढले असले पाहिजे. शिवाय त्याच्या काही आठवडे अगोदर सालिन्याकने याच पुलावरील रंगाऱ्यांची प्रत्यक्ष काम करतानाची छायाचित्रे घेतली होती, ती उपलब्ध आहेत. नोकरीच्या दृष्टीने काम तेथेच पुरे झाले होते. तो पुन्हा आला तो दफ्तरापलीकडच्या एखाद्या ओढीने, असे अनुमान करण्यास जागा आहे. सरकारी कागदात लेखनिकाचा स्वतःचा हात अशा एखाद्याच ठिकाणी उघडा पडतो. मात्र एवढ्यामुळे कागदाचा कागदपणा जात नाही, हेही तितकेच खरे. त्या तारखेला त्या तारा तशा होत्या, एवढी साक्ष ते चित्र निःसंशय देते. रंगाऱ्यांचा दिवस कसा जाई याची साक्ष मात्र ते देत नाही.

सालिन्याकचे नाव त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ विस्मृतीत गेले. त्याच्या पट्ट्या न्यूयॉर्कच्या महापालिका-अभिलेखागारात सुरक्षित होत्या, लोक त्या पाहत, वापरतही. परंतु त्या खात्याच्या पट्ट्या म्हणून. १९९९ मध्ये अभिलेखागारातील एका कर्मचाऱ्याच्या, जो स्वतः छायाचित्रकार होता, ध्यानात आले की हजारो पट्ट्यांवरील क्रमांकांचे हस्ताक्षर एकच आहे आणि पाहण्याची रीतही एकच आहे. पुढे खात्याचे जुने कागद धुंडाळून ते हस्ताक्षर कोणाचे हे निश्चित झाले. २००७ मध्ये सालिन्याकच्या निवडक छायाचित्रांचा ‘न्यूयॉर्क रायझेस’ हा ग्रंथ निघाला. २०१२ मध्ये अभिलेखागाराने आपल्या संग्रहातील आठ लाख सत्तर हजारांहून अधिक चित्रे सर्वांना घरबसल्या पाहता येतील अशी व्यवस्था केली, तेव्हा या पट्ट्या दफ्तराच्या भिंतींबाहेर आल्या.

इतिहासकाराच्या कामाला जोडकोड्याची उपमा देण्याची प्रथा आहे. ती उपमा अर्धीच लागू पडते, हे या शोधावरून चांगले दिसते. जोडकोडे सोडविणाऱ्यापुढे खोक्याचे झाकण असते. पुरे झालेले चित्र त्यावर छापलेले असते, तुकड्यांची संख्या लिहिलेली असते, आणि सगळे तुकडे एकाच खोक्यात आहेत असा भरवसा असतो. (संख्येचा भरवसाही पुरता खरा नसतो. हजार तुकड्यांचे म्हणून विकले जाणारे कोडे पुष्कळदा अडतीस गुणिले सत्तावीस, म्हणजे १,०२६ तुकड्यांचे असते.) अभिलेखागारातील वीस हजार पट्ट्यांना झाकण नव्हते. त्या पट्ट्या एका माणसाच्या आहेत, म्हणजे मुळात त्यांचे काही एक चित्र होऊ शकते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. तेथे शोध तुकड्यांचा नव्हता, झाकणाचा होता.

या छायाचित्राचे कोडे करताना त्यातील काय गळते याचा हिशेब आता मांडता येतो. आठ बाय दहाच्या पट्टीचे प्रमाण चारास पाच. अडतीस बाय सत्तावीस तुकड्यांच्या कोड्याचे प्रमाण, तुकडे साधारण चौरस धरल्यास, याहून लांबट येते. म्हणून चित्राच्या कडा छाटाव्या लागतात किंवा भोवती निराळी पट्टी लावावी लागते. छाटावयाचे ठरले तर सुमारे नववा हिस्सा जातो. पट्टीच्या कडेला हाताने घातलेला क्रमांक असेल तर या छाटणीत तोच आधी जाणार. ज्या क्रमांकांच्या अक्षरावरून छायाचित्रकार सापडला, ते अक्षर खेळण्यावर येत नाही. खोक्यावर बहुधा ‘ब्रुकलिन पुलावरील रंगारी, १९१४’ एवढीच ओळ उरते. खाते जाते, तारीख जाते, आणि चित्र एका गतवैभवाच्या आठवणीत जमा होते.

असे असले तरी या खेळाला केवळ नासाडी म्हणून झिडकारणे बरे नव्हे. ग्रंथात हे छायाचित्र पाहणाऱ्याची नजर प्रथम माणसांवर जाते आणि बहुधा तेथेच थांबते. तारा ही त्याच्या लेखी पार्श्वभूमी असते. कोडे जोडणाऱ्याला ही चैन परवडत नाही. माणसांचे तुकडे तो पहिल्या तासात शोधून काढतो, कारण टोपी, चेहरा, बूट हे ओळखू येतात. त्यानंतर त्याच्यापुढे उरतात ते राखाडी आकाशावर एक किंवा दोन काळ्या रेघा असलेले शेकडो तुकडे, जे एकमेकांसारखेच दिसतात. ते लावण्यासाठी त्याला पाहावे लागते की ही रेघ उभी आहे की तिरकी, जाड आहे की बारीक, दुसरीला छेदताना ती वरून जाते की खालून, आणि तिरकी असेल तर तिचा कल किती. मनोऱ्याजवळचे ताण-दोर अधिक उभे असतात आणि दूरचे अधिक आडवे, हे त्याला कोणी न सांगता कळते. न कळल्यास कोडे सुटत नाही. म्हणजे उभ्या दोऱ्या आणि तिरके दोर या ज्या दुहेरी योजनेत थोरल्या रोब्लिंगचे सारे शहाणपण साठवलेले आहे, ती योजना त्याच्या बोटांखालून एकेक तुकड्याने जाते. पूल-खात्याच्या एखाद्या अभियंत्याने ही पट्टी ज्या बारकाईने न्याहाळली असती, तितक्याच बारकाईने एखाद्या घरातील जेवणाच्या मेजावर ती आता न्याहाळली जाते. स्पिल्सबरीच्या नकाशात कापण्याची रेघच बोलत होती. येथे ती मुकी आहे, पण तिच्या मुकेपणामुळे चित्रातील रेघांना बोलावे लागते.

हेगची तार मात्र अशा न्याहाळण्यानेही सापडत नाही. ती मुख्य दोराच्या पोटात, वरून गुंडाळलेल्या तारेच्या वेष्टनाखाली आहे, आणि १९१४ मध्ये त्या वेष्टनावर रंगाचे थर बसलेले होते. तिची माहिती १८७८ च्या कागदांतूनच मिळते. तसेच रंगाऱ्यांचे. ज्यांच्या चेहऱ्यांवरून हे कोडे जोडावयास सुरुवात होते, त्यांची नावे चित्रासोबत नोंदलेली नाहीत. अभिलेखागारातील मथळ्यात पुलाचे नाव आहे, टांगत्या दोऱ्यांवरील रंगारी एवढा उल्लेख आहे, आणि तारीख आहे. त्याआधी काही आठवडे घेतलेल्या पट्ट्यांत तीच हत्यारे आणि तेच काम दिसते, जे ऑक्टोबरच्या पट्टीतून वगळले गेले. कोडी करणाऱ्यांनी उचलली ती ऑक्टोबरचीच पट्टी. पुलाच्या देखभालीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि आधी सप्टेंबरकडून आलेल्या.